मृत्यूचा खरा दाखला : डॉ. चार्ल्स नॉरिस यांचे जीवितकार्य

मनुष्य मरण पावला की त्याच्याविषयी राज्यसंस्थेला एक शेवटचा प्रश्न विचारावा लागतो. तो कशाने मेला? प्रश्न वरवर साधा आहे. परंतु विम्याची रक्कम, वारसांचे हक्क, कारखान्यात मेलेल्या कामगाराच्या विधवेची नुकसानभरपाई आणि प्रसंगी एखाद्या संशयिताचे प्राण या एका उत्तरावर अवलंबून असतात. साहजिकच उत्तर अमुक एक यावे, असे वाटणारे अनेकजण मृतदेहाभोवती गोळा झालेले असतात. उत्तर खरे यावे असे वाटणारा मात्र एखादाच असतो, आणि ज्याला ते सर्वांत अधिक वाटले असते तो तर बोलू शकत नाही. म्हणूनच मृत्यूचे कारण ठरविण्याचे काम कोणाकडे सोपवावे, त्याला वेतन कोणी द्यावे आणि त्याला पदावरून दूर कोणी करावे, हे प्रश्न वैद्यकशास्त्राइतकेच राज्यव्यवहाराचे आणि अर्थव्यवहाराचेही आहेत.

या प्रश्नांशी सतरा वर्षे झुंज देणारे गृहस्थ म्हणजे न्यूयॉर्क शहराचे पहिले मुख्य वैद्यकीय तपासनीस डॉ. चार्ल्स नॉरिस. गुन्हेतपासाच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. आपल्याकडे मात्र गुप्तहेरकथांतील काल्पनिक नायक जितके परिचित आहेत, तितका हा खराखुरा माणूस परिचित नाही. पोलीस खात्यात, न्यायवैद्यकात किंवा न्यायसहायक प्रयोगशाळेत आयुष्य घालविण्याचा विचार करणाऱ्या तरुणांनी तरी त्यांचे चरित्र जाणून घ्यावयास हवे.

कॉरोनरची दुकानदारी

नॉरिस यांचे कार्य समजण्यासाठी त्यांच्या आधीची व्यवस्था पाहावी लागते. कॉरोनर हे पद मूळचे इंग्लंडमधले. ते ११९४ साली निर्माण झाले. गुन्हेगाराची जप्त होणारी मालमत्ता राजाच्या तिजोरीत पडत असे. त्यामुळे कोण, कसा आणि कोणाच्या हातून मेला याची नोंद ठेवणारा अधिकारी राजाला हवा होता. म्हणजे या पदाच्या जन्मातच महसुलाची चिंता होती. इंग्रज वसाहतवाल्यांबरोबर ते अमेरिकेत गेले आणि तेथील लोकशाहीने त्याला निवडणुकीचे पद केले. मतदारांनी निवडून दिलेला कोणीही इसम कॉरोनर होऊ लागला. त्याला वैद्यकाचे ज्ञान असावे अशी अट नव्हती.

या व्यवस्थेचे फळ काय निघाले, हे १९१५ च्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये उघड झाले. जॉन मिचेल या सुधारणावादी महापौरांच्या कारकिर्दीत शहराचे हिशेब-आयुक्त लेनर्ड वॉलस्टीन यांनी कॉरोनरांच्या कारभाराची चौकशी केली. न्यूयॉर्कच्या कॉरोनरांच्या यादीत काही डॉक्टर होते खरे. परंतु त्यांच्याबरोबर अंत्यविधीची दुकाने चालविणारे, घरजागेचे दलाल, दारूच्या गुत्त्याचे मालक, नळजोडणी करणारे, इतकेच काय, एक दूधवाला आणि एक वादकही होता. मृत्यूच्या दाखल्यांवर परस्परांशी काडीचाही संबंध नसलेली कारणे लिहिलेली होती. अनेक दाखल्यांना कसलाच पुरावा नव्हता. पैसे घेऊन आत्महत्येचा अपघात करावा, गर्भपातात मेलेल्या स्त्रीचा मृत्यू नैसर्गिक दाखवावा, असे प्रकार सर्रास चालत. खुनी माणसाला यापेक्षा सुरक्षित शहर कोणते असणार?

हा दोष केवळ काही लबाड व्यक्तींचा नव्हता. ज्याचे पद मतांवर अवलंबून आहे, त्याला ज्या पक्षयंत्रणेने निवडून आणले तिला दुखविणे परवडत नाही. आणि ज्याची वरकमाई प्रेतांवर अवलंबून आहे, त्याला प्रेताच्या नातेवाइकांशी सौदा करण्याचा मोह आवरत नाही. व्यवस्थेने खोटेपणाला किंमत दिली होती आणि खरेपणाला काहीच दिले नव्हते. अशा बाजारात जे विकले जावयाचे तेच विकले गेले.

वॉलस्टीन यांच्या अहवालानंतर त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून न्यूयॉर्कमधील कॉरोनरचे पद रद्द केले. मॅसॅच्युसेट्स राज्याने हे पाऊल १८७७ मध्येच उचललेले होते. नव्या कायद्याप्रमाणे मुख्य वैद्यकीय तपासनीस हा वैद्यकाचा पदवीधर आणि निष्णात विकृतिशास्त्रज्ञ असावयास हवा होता. त्याची निवड मुलकी सेवेच्या परीक्षेतून तयार झालेल्या यादीमधून व्हावयाची होती. महापौराला त्याला काढावयाचे झाल्यास लेखी कारणे देऊन जाहीर खुलाशाची संधी देणे भाग होते. पदावरील कॉरोनरांची मुदत संपावी म्हणून कायद्याचा अंमल १ जानेवारी १९१८ पासून ठेवण्यात आला.

श्रीमंत घराण्यातील वैद्य

चार्ल्स नॉरिस यांचा जन्म ४ डिसेंबर १८६७ रोजी न्यू जर्सी राज्यातील होबोकेन येथे झाला. घराणे पेनसिल्व्हेनियातील जुने, सधन आणि प्रतिष्ठित. तेथील नॉरिसटाऊन या गावाला या घराण्याचे नाव मिळालेले आहे. अशा कुळातील तरुणाने पेढी सांभाळावी, शिकार करावी आणि समुद्रसफरी कराव्यात, अशीच त्या काळची रीत होती. नॉरिस यांनी येल विद्यापीठातून पदवी घेतली आणि १८९२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. त्यानंतर ते युरोपात गेले. जर्मनी आणि ऑस्ट्रिया या देशांत न्यायवैद्यक ही तेव्हा विद्यापीठात शिकविली जाणारी स्वतंत्र विद्या होती. अमेरिकेत मात्र तिला कोणी वाली नव्हता. बर्लिन आणि व्हिएन्ना येथील शवविच्छेदनगृहांत नॉरिस यांनी जे पाहिले, त्याने त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा ठरली.

मायदेशी परतल्यावर १९०४ मध्ये ते न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातील प्रयोगशाळांचे संचालक झाले. हे रुग्णालय गोरगरिबांचे. नदीत सापडलेली प्रेते, गाडीखाली चिरडलेले मजूर, थंडीने गोठलेले बेघर, सगळे तेथेच यावयाचे. धनिकांच्या वस्तीत दवाखाना थाटून गडगंज कमाई करण्याऐवजी हा उंचापुरा, भरदार देहाचा, टोकदार दाढी राखणारा गृहस्थ या बेवारशी प्रेतांच्या सहवासात रमला.

१९१८ साल उजाडले तेव्हा महापौरपदी मिचेल राहिले नव्हते. टॅमनी हॉल या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या पक्षयंत्रणेचे जॉन हायलन त्या खुर्चीवर आले होते. त्यांनी नव्या पदावर आपल्या गोटातील एका जुन्या कॉरोनरला तात्पुरते बसवून पाहिले. म्हणजे पाटी नवी आणि दुकान जुने! परंतु कायद्यातील परीक्षेची अट आड आली. गदारोळ झाला आणि अखेर फेब्रुवारी १९१८ मध्ये परीक्षेच्या यादीमधून आलेल्या नॉरिस यांची नेमणूक करणे महापौरांना भाग पडले. स्पर्धापरीक्षा हे नोकरभरतीचे एक कंटाळवाणे साधन आहे, अशी आपली समजूत असते. या प्रसंगी त्या परीक्षेने एका शहराचा न्याय वाचविला.

रात्रंदिवस उघडे कार्यालय

नॉरिस यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे कार्यालय चोवीस तास उघडे ठेवले. मृत्यू कचेरीची वेळ पाहून येत नाही, मग तपासनिसाने ती का पाहावी, हा त्यामागील विचार. हिंसा, अपघात, आत्महत्या, तुरुंगातील मृत्यू, धडधाकट माणसाचा अचानक झालेला मृत्यू, ज्यावर कोणा डॉक्टराचा उपचार नव्हता असा मृत्यू, हे सर्व कायद्याने तपासनिसाच्या कक्षेत आले होते. अशी घटना घडताच पोलिसांनी कळवावयाचे आणि तपासनिसाने स्वतः जागेवर जाऊन पाहावयाचे. खोलीतील हवा, पलंगाची मांडणी, गॅसच्या नळीची स्थिती या सर्व गोष्टी प्रेताइतक्याच बोलक्या असतात, हे तत्त्व त्यांनी सहकाऱ्यांच्या मनावर बिंबविले. नोंदी लेखी, सविस्तर आणि एका पद्धतीने ठेवल्या जाऊ लागल्या. शहराची लोकसंख्या तेव्हा छप्पन्न लाखांच्या घरात होती आणि हा सारा व्याप मूठभर डॉक्टरांना सांभाळावा लागे.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रयोगशाळा. शवविच्छेदन करणाऱ्याच्या डोळ्यांना विष दिसतेच असे नाही. त्यासाठी रसायनशास्त्रज्ञ हवा. नॉरिस यांनी बेलव्ह्यूमधीलच अलेक्झांडर गेटलर यांना हाताशी धरले. गेटलर हे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातून आलेल्या कुटुंबातले. बोटीवर तिकिटे विकण्याची नोकरी करीत त्यांनी शिक्षण पुरे केले होते आणि कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली होती. एक जन्माने श्रीमंत आणि दुसरा कष्टाने वर आलेला, अशी ही जोडी. कोणते विष शरीराच्या कोणत्या भागात किती काळ टिकते, त्याचे किती प्रमाण घातक, याची खात्रीलायक कोष्टके त्या काळी नव्हती. गेटलर खाटकाकडून काळीज विकत आणीत, त्यात मोजून विष मिसळीत आणि ते पुन्हा किती सापडते याचे प्रयोग करीत. माणूस मेला त्या वेळी नशेत होता की नाही हे ठरविण्यासाठी त्यांनी हजारो मृतांच्या मेंदूंतील मद्यार्क तपासला. विषशास्त्राची एकेक वीट अशी रचली गेली.

पोलिसांची घाई आणि प्रयोगशाळेचा धीर

विज्ञान म्हणजे गुन्हेगाराला फासावर नेणारे शस्त्र, अशी लोकांची कल्पना असते. नॉरिस यांच्या कार्यालयाची कीर्ती मात्र निर्दोषांना सोडविण्यामुळेही झाली. १९२६ मध्ये ब्रुकलिनमधील एका गोदी कामगाराला पोलिसांनी रात्रीच्या वेळी धक्क्याकडे गाठोडे घेऊन जाताना पकडले. गाठोड्यात एका स्त्रीच्या प्रेताचे तुकडे होते. आदल्या रात्री दोघे दारू प्याले होते, त्यांचे भांडण झाले होते. जाग आल्यावर ती मेलेली पाहून आपणच तिला मारले असावे अशी त्याचीही समजूत झाली होती. पोलिसांच्या दृष्टीने याहून उघड खटला कोणता?

नॉरिस यांनी जागेवर जाऊन प्रेत पाहिले. रक्ताचा रंग चेरीच्या फळासारखा लालभडक होता. कार्बन मोनॉक्साईड या वायूने मृत्यू आला की रक्ताला असा रंग येतो. प्रयोगशाळेने त्याला दुजोरा दिला. शेगडीवरील भांड्यातील कॉफी उतू जाऊन ज्योत विझली होती आणि गॅस खोलीत पसरला होता. त्या माणसाने प्रेताची विटंबना केली हे खरे आणि त्याची शिक्षा त्याला मिळाली. परंतु खुनाच्या आरोपातून तो सुटला. जुना कॉरोनर असता तर या गरीब, परदेशातून आलेल्या मजुराचे काय झाले असते हे सांगावयास नको.

असाच प्रसंग १९३५ मध्ये एका हिशेबनिसावर आला. त्याची पत्नी आणि चार मुले थोड्या दिवसांच्या अंतराने मरण पावली. त्याने कोकोमधून थॅलियम हे विष घातले असा आरोप ठेवण्यात आला. तुटपुंज्या पगारात मोठे कुटुंब पोसणारा हा माणूस कंटाळून असे करील, हे लोकांना सहज पटले. गेटलर यांनी पुन्हा तपासणी केली. मुलांच्या शरीरात थॅलियम होते. पत्नीच्या शरीरात ते नव्हते, ती मेंदूच्या दाहाने गेली होती. आणि ज्या कोकोवर सारा आरोप उभा होता, त्यात थॅलियमचा मागमूसही नव्हता. त्या हिशेबनिसाची सुटका झाली.

अर्थात विज्ञानाचे म्हणणे न्यायालयाला प्रत्येक वेळी पटलेच असे नाही. १९२२ मध्ये एका हॉटेलात राहणारे वृद्ध दांपत्य मृतावस्थेत सापडले. तळमजल्यावर कीटक मारण्यासाठी सायनाईडचा धूर सोडण्यात आला होता आणि तो भिंतींतील फटींतून वर चढला होता. पोटात विष नव्हते, फुप्फुसांत होते. निष्कर्ष स्पष्ट होता. तरीही वकिलांनी रसायनशास्त्रावरच संशय निर्माण केला आणि ज्यूरीने धूर सोडणाऱ्याला निर्दोष ठरविले. नॉरिस आणि गेटलर यांनी यातून बोध घेतला तो असा, की सत्य शोधणे पुरेसे नाही, ते सामान्य माणसाला समजेल अशा रीतीने सिद्धही करावे लागते. पुढील काळात गेटलर यांची साक्ष वकिलांना धडकी भरविणारी ठरली.

कारखान्यांतील मृत्यू

खून हा वृत्तपत्रांचा आवडता विषय. कामाच्या जागी हळूहळू मरणाऱ्यांकडे मात्र कोणी वळून पाहत नाही. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील स्टँडर्ड ऑईल कंपनीच्या बेवे येथील कारखान्यात शिशाचे एक नवे संयुग तयार करणारे कामगार भ्रमिष्ट होऊ लागले. ते पेट्रोलमध्ये मिसळले की इंजिन ठोकत नसे. पाच कामगार मेले, तीसहून अधिक रुग्णालयात पडले. माणसांनी फार काम केले असावे, असा कंपनीच्या बाजूचा पवित्रा होता. काही मृतदेह न्यूयॉर्कच्या हद्दीत असल्याने नॉरिस यांच्याकडे आले. अशा संयुगातील शिसे शरीरातून शोधून काढण्याची रीत गेटलर यांनी बसविली. ते फुप्फुसांत आणि मेंदूत सापडले. न्यूयॉर्क शहराने त्या पेट्रोलवर बंदी घातली.

ही बंदी फार टिकली नाही. १९२६ मध्ये संघराज्य सरकारच्या समितीने त्या पेट्रोलला हरकत न घेतल्याने पुढे ती उठली आणि शिसेयुक्त पेट्रोल जगभर पसरले. भारतातून ते २००० साली हद्दपार झाले, तर अल्जीरिया या शेवटच्या देशात त्याची विक्री २०२१ मध्ये थांबली. नॉरिस यांच्या प्रयोगशाळेने १९२४ मध्ये जे दाखविले होते, त्याचा स्वीकार करावयास जगाला जवळजवळ शतक लागले. दरम्यान किती पिढ्यांनी ते शिसे श्वासावाटे घेतले!

न्यू जर्सीतच ऑरेंज येथे घड्याळांच्या तबकड्यांवर चमकणारा रंग लावणाऱ्या तरुण मुली होत्या. कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवावे अशी त्यांना शिकवण होती. त्या रंगात रेडियम होते. तेथील तपासनीस हॅरिसन मार्टलँड हे नॉरिस यांचे स्नेही. त्यांनी रोगाचे मूळ ओळखले होते. पण पुरावा हवा होता. या मुलींपैकी एक १९२२ मध्ये मरण पावली होती आणि तिच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण म्हणून गुप्तरोग लिहिलेला होता. १९२७ मध्ये तिचे दफन केलेले शरीर बाहेर काढण्यात आले. गेटलर यांनी तिच्या हाडांशेजारी काळोखात छायाचित्राची फिल्म ठेवली. हाडांतून निघणाऱ्या किरणांनी फिल्मवर डाग उमटले. मरणानंतर पाच वर्षांनीही तिची हाडे साक्ष देत होती. एका दाखल्याने तिच्यावर लागलेला कलंक दुसऱ्या दाखल्याने पुसला गेला आणि हयात असलेल्या तिच्या मैत्रिणींना १९२८ मध्ये कंपनीकडून भरपाई मिळाली.

विषारी दारू आणि सरकार

जानेवारी १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी अमलात आली. दारू प्यावी की नाही याविषयी मतभेद असू शकतात. नॉरिस यांच्या टेबलावर मात्र मतभेद येत नसत, प्रेते येत. कारखान्यांसाठी लागणारा मद्यार्क पिण्यास नालायक व्हावा म्हणून सरकार त्यात मिथिल अल्कोहोल व इतर विषे मिसळावयास लावीत असे. चोरटे व्यापारी तो पळवीत, अर्धामुर्धा शुद्ध करीत आणि विकत. हे थांबेना, तेव्हा १९२६ च्या अखेरीस सरकारने विषाचे प्रमाण आणखी वाढविण्याचे ठरविले. त्या वर्षीच्या नाताळात बेलव्ह्यू रुग्णालय आंधळे झालेल्या आणि मरणाऱ्या माणसांनी भरून गेले.

नॉरिस यांनी या प्रसंगी जे धैर्य दाखविले ते शासकीय नोकरांत क्वचितच आढळते. हा मद्यार्क लोक पिणार हे ठाऊक असूनही सरकार त्यात विष घालीत आहे, म्हणून या मृत्यूंची नैतिक जबाबदारी सरकारवर येते, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आणि पुढे त्याविषयी लेखही लिहिला. आकड्यांच्या आधारे त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. धनिकांना चोरून आणलेली उंची परदेशी दारू परवडत होती. ज्याच्या खिशात चार पैसे होते तोच विष पीत होता. कायदा सर्वांना एकच होता. त्याची किंमत मात्र गरिबांकडून वसूल होत होती. १९३३ मध्ये दारूबंदी उठली. मिथिल अल्कोहोलचा संहार मात्र थांबलेला नाही. मुंबईत मालवणी येथे जून २०१५ मध्ये शंभरावर माणसे याच विषाने मेली, आणि तीही हातावर पोट असलेलीच होती.

स्वतःच्या खिशातून

हे सारे करताना नॉरिस यांच्यामागे महापालिकेचे पाठबळ होते असे कोणी समजू नये. महापौर हायलन यांनी आपल्या मनाविरुद्ध आलेल्या या अधिकाऱ्याची कोंडी अंदाजपत्रकातून केली. उपकरणे नाहीत, माणसे नाहीत, मंजुरी नाही. नॉरिस यांनी प्रयोगशाळेची उपकरणे स्वतःच्या पैशाने आणली, प्रसंगी सहकाऱ्यांच्या वेतनाचीही तजवीज केली. घराण्याची संपत्ती पाठीशी होती म्हणून हे जमले. महामंदीच्या काळात, १९३२ मध्ये काळजीवाहू महापौर मॅकी यांनी पुन्हा मोठी कपात सुचविली, तेव्हा मात्र या कणखर माणसाचा संयम सुटला आणि त्यांनी राजीनामा दिला. वृत्तपत्रांनी त्यांची बाजू घेतली, महापौरांनी मनधरणी केली आणि ते परत कामावर आले.

नॉरिस यांच्या या दातृत्वाचे कौतुक सर्वत्र होते आणि ते योग्यच आहे. तथापि त्यातील धोकाही ओळखावयास हवा. जे काम सर्वांच्या हिताचे आहे, त्याचा खर्च एका सज्जनाच्या खिशातून चालत असेल, तर तो सज्जन निवृत्त होताच काम बंद पडते. पुलासाठी पैसा द्यावयास नगरपिता तयार असतो, कारण पुलावरून मतदार जातात. शवविच्छेदनगृहासाठी तो हात आखडता घेतो, कारण तेथे गेलेला मतदार परत येत नाही. मृत्यूच्या सत्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. म्हणूनच ते करातून विकत घ्यावे लागते.

नॉरिस यांना हे कळत होते. आपल्यानंतर काय, याची तरतूद त्यांनी माणसे घडवून केली. त्यांच्या प्रयत्नांनी न्यूयॉर्क विद्यापीठात १९३३ च्या सुमारास न्यायवैद्यकाचा विभाग उभा राहिला आणि ते त्याचे प्राध्यापक झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले टॉमस गोन्झालेस आणि त्यानंतर मिल्टन हेल्पर्न यांनी त्यांची गादी चालविली. गेटलर १९५९ पर्यंत प्रयोगशाळेत होते आणि त्यांच्या शिष्यांनी अनेक शहरांतील प्रयोगशाळा उभ्या केल्या. कामाच्या ओझ्याने शरीर खचलेले नॉरिस ११ सप्टेंबर १९३५ रोजी निवर्तले. वय सदुसष्ट. मुख्य वैद्यकीय तपासनिसाच्या पदावरच ते गेले.

आपल्यासाठी बोध

मुंबईला कॉरोनर नवा नव्हता. १८७१ च्या कायद्याने मुंबई आणि कलकत्ता या शहरांत हे पद होते आणि मुंबईतील कॉरोनरचे न्यायालय १९९९ मध्ये बंद झाले. अन्यत्र प्रथमपासूनच अकस्मात मृत्यूची नोंद पोलीस ठाण्यात होते, हवालदार किंवा फौजदार पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करतो आणि प्रेत सरकारी डॉक्टरकडे जाते. तालुक्याच्या गावी हा डॉक्टर सकाळी बाह्यरुग्ण तपासतो, दुपारी प्रसूती करतो आणि मधल्या वेळात शवविच्छेदन उरकतो. न्यायवैद्यकाचे विशेष शिक्षण त्याला मिळालेले असतेच असे नाही. संशय असला की व्हिसेरा राखून ठेवला जातो आणि अहवालाची वाट पाहत खटला रेंगाळतो. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन करू नये हा जुना दंडक केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये शिथिल केला. नॉरिस यांचे कार्यालय १९१८ पासून रात्री उघडे होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक केले आहे. तत्त्व उत्तम आहे. परंतु कायद्याच्या कलमाला वेतनश्रेणी, भरलेली पदे आणि सुसज्ज प्रयोगशाळा यांची जोड नसेल तर कलम पुस्तकातच राहते.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला नॉरिस यांचे चरित्र कोणतेही भुरळ घालणारे आश्वासन देत नाही. येथे दुर्गंधी आहे, अवेळी बोलावणे आहे, न्यायालयातील उलटतपासणी आहे आणि सत्ताधाऱ्यांची नाराजी आहे. रुग्ण बरा होऊन आभार मानील अशी शक्यता तर मुळीच नाही. परंतु गोदी कामगाराचा गळा, हिशेबनिसाची अब्रू आणि रेडियमने जळालेल्या मुलीचे नाव ज्यांनी वाचविले, ते कोणी अलौकिक पुरुष नव्हते. परीक्षेतून निवडले गेलेले, सहजासहजी काढता न येणारे आणि आपले काम चोख येत असलेले ते पगारी नोकर होते. अमेरिकेतील अनेक परगण्यांत आजही कॉरोनर निवडणुकीतूनच येतो, हे लक्षात घेतले म्हणजे नॉरिस यांचा लढा किती अपुरा राहिला आहे हे समजते. आपल्याकडे कॉरोनर गेला, पण त्याच्या जागी स्वतंत्र, प्रशिक्षित आणि निर्भय तपासनीस आला काय, याचे उत्तर दरवर्षीच्या अंदाजपत्रकात शोधावे लागेल.